धान्य, पाणी आणि तापमान : अल्प साधनांत बिअरनिर्मितीचा आरंभ

प्रस्तावना

धान्याला मोड आणणे, ते वाळवून भरडणे, गरम पाण्यात मुरवणे आणि त्यातून मिळालेल्या गोड द्रवाचे किण्वन करणे ही मानवाच्या अतिप्राचीन अन्नप्रक्रियांपैकी एक असून बिअर हे तिचे जगात सर्वांत दूरवर पसरलेले रूप आहे. घरगुती प्रमाणावर बिअर करण्याच्या आज दोन मुख्य पद्धती रूढ आहेत. पहिलीत कारखान्यात तयार झालेला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, दाट पाक किंवा त्याची भुकटी पाण्यात विरघळवून पुढचे काम केले जाते. दुसरीत सुरुवातच धान्यापासून होते, म्हणजे माल्ट भरडणे, त्यातील पिष्टाची साखर करून घेणे आणि तो द्रव चोथ्यापासून वेगळा करणे ही सगळी कामे करणाऱ्याला स्वतः करावी लागतात. या दुसऱ्या पद्धतीला प्रस्तुत पुस्तकात ‘पूर्णधान्य पद्धत’ म्हटले आहे. तिच्यासाठी तीन मोठी भांडी, पंप, नियंत्रक आणि चकचकीत पोलादी टाक्या लागतात, असा समज सर्वत्र आढळतो आणि त्यामुळे अनेक जिज्ञासू दारातूनच परत फिरतात. या समजाला मूळ प्रक्रियेत फारसा आधार नाही. पूर्णधान्य पद्धत तीन गोष्टींवर उभी आहे : तापमानावरील ताबा, स्वच्छतेची शिस्त आणि नोंद ठेवण्याची सवय. या तिन्ही गोष्टी पैशाने विकत मिळत नाहीत. त्या अभ्यासाने अंगी बाणवाव्या लागतात, हे सांगणे हा या पुस्तकाचा मुख्य हेतू आहे.

हा विषय कोल्हापूरजवळील शिरोली औद्योगिक वसाहतीतील वाचक डोळ्यांसमोर ठेवून मांडला आहे, त्यामागे कारण आहे. पंचगंगेच्या पलीकडे, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेली शिरोली एमआयडीसी फाउंड्री आणि यंत्रभागांच्या निर्मितीसाठी ओळखली जाते. शेतीसाठी लागणारी ऑइल इंजिने, उसाचे चरक आणि त्यांचे सुटे भाग यांच्या दुरुस्तीतून कोल्हापूरची कारागिरी वाढली, उद्यमनगरात रुजली आणि पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या, वसाहतींत तिचा विस्तार झाला. ज्या कामगाराने वितळलेल्या लोखंडाचे तापमान पाहून ओतकामाचा क्षण ठरवला आहे, त्याला दोन अंशांच्या फरकाने माल बिघडतो हे पटवून द्यावे लागत नाही. थर्मोकपल, तापमान नियंत्रक, वॉल्व्ह, आर्गॉन वेल्डिंग आणि बफिंग हे शब्द येथे रोजच्या व्यवहारातले आहेत. परदेशी पुस्तके ज्या उपकरणांची किंमत सांगून नवख्याला बिचकवतात, त्यांतील बहुतेक गोष्टी येथे शेजारच्या शेडमध्ये तयार होऊ शकतात, आणि ज्या तयार करण्याची गरजच नाही त्या ओळखण्याइतकी यंत्रबुद्धीही येथे आहे.

तंत्राकडे वळण्यापूर्वी कायद्याची स्थिती स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम लागू आहे. तो मूळचा १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम होय. त्याच्या कलम ६५ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे, मद्यनिर्मितीचा कारखाना उभारणे किंवा चालवणे, मद्य बाटलीत भरणे आणि मद्यनिर्मितीच्या हेतूने साहित्य व उपकरणे बाळगणे हे गुन्हे ठरतात. घरच्या वापरासाठी थोडीशी बिअर केली, विकली नाही, असा बचाव तेथे चालत नाही. राज्यात बिअर पिण्यासाठीही वयाची किमान अट २१ वर्षांची आहे. म्हणून या पुस्तकाची रचना जाणीवपूर्वक दोन भागांत केली आहे. धान्याला मोड आणण्यापासून गोड द्रव तयार होईपर्यंतचा पहिला भाग अन्नप्रक्रियेचा आहे आणि तो द्रव तसाच पेय म्हणून वापरायचा असेल तर कोणत्याही स्वयंपाकघरात करता येतो. त्या द्रवात यीस्ट मिसळल्यानंतरचा दुसरा भाग, घरगुती बिअरनिर्मितीला कायद्याने मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणि परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करू इच्छिणाऱ्या वा तसा परवाना मिळवू पाहणाऱ्या तरुणांसाठी आहे. ही रेषा वाचकाने कुठेही पुसू नये.

परदेशांतही ही मुभा फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी १८८० पासून परवाना लागत असे. ती अट १९६३ मध्ये रद्द झाली आणि त्यानंतर तेथे या छंदाचा झपाट्याने प्रसार झाला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने प्रत्येक प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःच्या वापरासाठी करण्याची संघराज्य पातळीवर सूट मिळाली. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तिला मान्यता देण्यास २०१३ साल उजाडले. अमेरिकेत पुढे उदयाला आलेल्या अनेक छोट्या ब्रुअरींचे संस्थापक आपल्या घरच्या स्वयंपाकघरातच हे काम शिकले होते. ज्ञान आधी घरात रुजते आणि मग उद्योगात जाते, हा क्रम कोल्हापूरच्या यंत्रउद्योगालाही अपरिचित नाही.

पूर्णधान्य पद्धतीचा पाया म्हणजे माल्ट. धान्य भिजवून त्याला मोड आले की दाण्यात विकरे तयार होतात. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे आणि स्वतः न संपणारे प्रथिन. यांतील अमायलेज गटातील विकरे दाण्यातील पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करतात, कारण वाढणाऱ्या कोंबाला अन्न म्हणून साखर हवी असते. मोड आलेले धान्य नेमक्या वेळी वाळवले की कोंबाची वाढ थांबते, पण विकरे दाण्यात कार्यक्षम राहतात. असे धान्य म्हणजे माल्ट. बिअरसाठी जगभर प्रामुख्याने बार्ली, म्हणजे सातू किंवा जव, वापरली जाते. भारतात ती मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हरियाणा या भागांत पिकते, त्यामुळे कोल्हापूरच्या वाचकाला बार्लीचा माल्ट बाहेरून मागवावा लागतो. मात्र माल्ट करण्याची विद्या त्याच्या घरात आधीपासून आहे. लहान मुलांसाठी नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून दळण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे, आणि शास्त्रीय दृष्टीने ती माल्ट करण्याचीच रीत आहे. फरक एवढाच की मुलांच्या सत्त्वासाठी नाचणी कढईत खमंग भाजतात आणि त्या उष्णतेने विकरे नष्ट होतात. पिष्टाची साखर करण्यासाठी माल्ट हवा असेल तर मोड आलेले धान्य साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आत, हवेशीर जागी सावकाश वाळवावे आणि सुकलेली मुळे हाताने चोळून पाखडावीत.

ज्वारीच्या बाबतीत एक दक्षता अनिवार्य आहे. ज्वारीच्या कोंबात आणि मुळांत धुरिन नावाचे द्रव्य असते व त्यापासून सायनाइड मुक्त होऊ शकते. म्हणून मोड आलेल्या ज्वारीचे कोंब व मुळे वाळवल्यानंतर पूर्णपणे काढून टाकल्याशिवाय तिचा उपयोग करू नये. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये बार्लीच्या तुलनेने बीटा-अमायलेज कमी असते आणि तिचे पिष्ट अधिक तापमानाला फुगते, त्यामुळे ज्वारी वापरायचीच असेल तर तिची कणी आधी शिजवून, थंड करून, मग बार्लीच्या माल्टमध्ये मिसळावी लागते. भरड धान्यांत नाचणीचा माल्ट विकरांच्या बाबतीत अधिक समर्थ ठरतो. नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंग या भागांत नाचणीवर आधारलेले तोंगबा हे आंबवलेले पेय पिढ्यानपिढ्या केले जाते. कोल्हापूरकरांना नाचणीचे वा ज्वारीचे आंबवणे परिचित आहे ते आंबिलीच्या रूपात. रेणुकादेवीच्या आंबील यात्रेत तिला नैवेद्याचे स्थान आहे. आंबिलीत काम करतात ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू आणि त्यांतून आंबटपणा येतो; बिअरमध्ये काम करते ते यीस्ट आणि त्यातून मद्यार्क व कर्बवायू तयार होतात. धान्य एकच असले तरी सूक्ष्मजीव बदलला की पदार्थ बदलतो, हा किण्वनशास्त्राचा पहिला नियम या दोन पेयांच्या तुलनेतून सहज कळतो.

विकरांचे सामर्थ्य पाहण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. नाचणीच्या पिठाची दाट पेज शिजवून ती साधारण ६५ अंशांपर्यंत निवू द्यावी आणि त्यात न भाजलेल्या नाचणीमाल्टचे चमचाभर पीठ ढवळावे. काही मिनिटांतच पेज पातळ होते आणि पुढे तिला गोडी येते. या गुणाचा उपयोग करून बालकांचा आहार पातळ तरीही पौष्टिक कसा ठेवता येईल, याचा अभ्यास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात झाला. हा प्रयोग प्रत्येक वाचकाने सर्वप्रथम करावा, कारण पूर्णधान्य पद्धतीचा सगळा गाभा त्या एका वाटीत दिसतो.

हेच काम मोठ्या प्रमाणावर आणि नियंत्रित तापमानाला केले की त्याला मॅश म्हणतात आणि त्यातून मिळणाऱ्या गोड द्रवाला वर्ट. मॅशचे तापमान सामान्यतः ६३ ते ६९ अंशांच्या दरम्यान ठेवतात. या पट्ट्याच्या खालच्या भागात बीटा-अमायलेज अधिक काम करते, यीस्टला पचणारी साखर जास्त तयार होते आणि पेय हलके व कोरडे होते. वरच्या भागात अल्फा-अमायलेजचे वर्चस्व राहते, न पचणारी संयुगे अधिक उरतात आणि पेयाला भरीवपणा येतो. तापमान ७५ अंशांपलीकडे गेले तर विकरे लवकर निकामी होतात आणि मग कितीही वेळ थांबले तरी उपयोग नसतो. साधारण ६० मिनिटांनी पिष्ट संपले की नाही हे औषधांच्या दुकानातील टिंक्चर आयोडिनने तपासता येते : पांढऱ्या बशीतील थेंबभर द्रव आयोडिनने निळा-काळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, रंग बदलला नाही तर काम पूर्ण झाले आहे. तपासलेला थेंब टाकून द्यावा.

पारंपरिक मांडणीत पाणी तापवण्याचे, मॅशचे आणि उकळण्याचे अशी तीन भांडी असतात. गेल्या काही दशकांत ऑस्ट्रेलियातील छांदिष्टांनी रूढ केलेल्या पिशवी पद्धतीने ती एका भांड्यावर आणली. भांड्याच्या आकाराची मजबूत, बारीक जाळीदार पिशवी पाण्यात सोडायची, तिच्यात भरडलेला माल्ट टाकायचा, तासाभराने पिशवी उचलून निथळू द्यायची आणि त्याच भांड्यातील वर्ट उकळायचा, इतके ते सोपे आहे. नाचणीला बार्लीसारखे टरफल नसल्याने तिचा चोथा गाळणे एरवी कठीण जाते. पिशवीमुळे तीही अडचण दूर होते. अल्प खर्चात आरंभ करणाऱ्यासाठी हीच पद्धत सर्वथा योग्य आहे आणि पुस्तकातील सर्व कृती तिच्यावरच आधारल्या आहेत.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून ५ लिटरची एक कृती येथे संक्षेपाने देणे उपयुक्त ठरेल. तिला १२ लिटरचे पातेले, सुमारे सव्वा किलो बार्ली माल्ट आणि साडेआठ लिटर पाणी लागते. माल्ट भरडताना त्याचे पीठ होऊ देऊ नये. दाणा फुटावा आणि टरफल शक्यतो अखंड राहावे, इतपत भरड पुरेशी असते आणि ती घरच्या जात्यावर किंवा पाट्यांतील अंतर वाढवलेल्या चक्कीवर निघते. पाणी ६८ ते ६९ अंशांपर्यंत तापवून त्यात साधारण २७ अंशांचा माल्ट ढवळला की मिश्रण ६६ अंशांच्या आसपास स्थिरावते. पातेल्यावर झाकण ठेवून ते जाड घोंगडीत गुंडाळले तर तासाभरात तापमान फारसे उतरत नाही, त्यामुळे महागड्या उष्णतारोधक टाकीची गरज पडत नाही. पिशवी काढल्यावर उरलेला वर्ट साधारण तासभर खळखळून उकळला की बाष्पीभवनाने तो ५ लिटरच्या जवळपास येतो आणि त्यातील साखरेचे प्रमाण १२ ब्रिक्सच्या आसपास असते. ब्रिक्स म्हणजे द्रवातील विरघळलेल्या घन पदार्थांची वजनी टक्केवारी. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ती मोजण्याची साधने आणि ती वाचू शकणारी माणसे दोन्ही विपुल आहेत.

उकळण्याच्या टप्प्यावर कोल्हापूरच्या वाचकाला गुऱ्हाळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या बाजारपेठेमुळे ज्या गुळाचे नाव देशभर गेले, तो गूळ करताना गुळव्या काहिलीतील रसाला भेंडीचे पाणी देऊन मळी वर आणतो, ती काढतो आणि रसाच्या उकळीवरून पाकाची अवस्था ओळखतो. वर्ट उकळतानाही प्रथिने साकळून वर येतात, नको असलेली बाष्पशील द्रव्ये वाफेबरोबर निघून जातात आणि जंतू मरतात. म्हणून भांड्यावर पूर्ण झाकण ठेवू नये आणि पहिली उकळी येताना फेस उतू जाणार नाही यासाठी समोरून हलू नये. याच वेळी हॉप्स घालतात. हॉप्स ही एका वेलीची मादी फुले असून त्यांतील राळ व सुगंधी तेलांमुळे बिअरला कडवटपणा, सुगंध आणि काही अंशी टिकाऊपणा मिळतो. भारतात त्यांची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात झाली आहे. वरील ५ लिटर वर्टला १० टक्के अल्फा आम्ल (कडवटपणा देणारे द्रव्य) असलेली ५ ते ६ ग्रॅम हॉप्स तासभर उकळली की मध्यम कडवटपणा येतो.

पुस्तकाच्या पहिल्या भागाची सीमा येथे संपते. हॉप्सशिवाय उकळलेला वर्ट थंड करून, लिंबू किंवा आले घालून, त्याच दिवशी पेय म्हणून घेता येतो. तो दोन-तीन दिवस ठेवायचा असेल तर शीतकपाटातच ठेवावा, कारण उघड्यावर राहिल्यास तो आपोआप आंबू लागतो.

दुसऱ्या भागाची सुरुवात वर्ट थंड करण्यापासून होते. उकळता वर्ट २० अंशांपर्यंत लवकर उतरवावा लागतो, कारण मधल्या कोमट अवस्थेत इतर जीवाणूंना मोकळे रान मिळते. पाच लिटरसाठी तांब्याच्या नळीचा शीतक घेण्याची गरज नाही. बर्फ टाकलेल्या पाण्याच्या घंगाळात पातेले ठेवून पाणी एकदोनदा बदलले की काम होते. त्यानंतर निर्जंतुक भांड्यात वर्ट ओतून यीस्ट मिसळतात. यीस्ट हा जिवंत सूक्ष्मजीव आहे आणि किण्वन हे त्याचेच काम आहे, हे लुई पाश्चरच्या संशोधनाने प्रस्थापित झाले. बिअरवरील त्याचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन याने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. आज छोट्या पुडीत मिळणारे कोरडे यीस्ट हे त्या कामाचे फळ आहे.

एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट १८ ते २२ अंशांना उत्तम काम करते आणि किण्वन सुरू असताना स्वतः उष्णता निर्माण करून द्रवाचे तापमान आणखी काही अंशांनी वाढवते. तापमान फार वाढले तर उग्र वासाची द्रव्ये तयार होतात. उष्ण हवामानात खर्चाचा खरा प्रश्न उभा राहतो तो येथे. त्यावर स्वस्त उपाय असा की किण्वनाचे भांडे पाण्याच्या टबात ठेवून त्याभोवती ओले कापड गुंडाळावे आणि सकाळ-संध्याकाळ टबात गोठवलेल्या पाण्याची बाटली टाकावी. दुसरा उपाय नॉर्वेतील शेतकऱ्यांनी जपलेल्या क्वाइक जातीच्या यीस्टचा आहे; ते ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीचे किण्वन करते, त्यामुळे त्यासाठी शीतयंत्र लागत नाही. किण्वन पूर्ण झाले की नाही हे बुडबुड्यांवरून ठरवू नये. घनतामापकाचे वाचन दोन-तीन दिवस एकसारखे राहिले तरच ते पूर्ण झाले असे मानावे. वर्टची आरंभीची घनता १.०४८ आणि शेवटची १.०१० असेल, तर दोहोंमधील फरकाला १३१ ने गुणून मद्यार्काचे प्रमाण सुमारे ५ टक्के निघते. मद्यार्कामुळे ब्रिक्स मोजणाऱ्या अपवर्तनमापकाचे वाचन किण्वनानंतर चुकीचे येते, म्हणून या टप्प्यावर घनतामापकच वापरावा.

पैसा कुठे खर्च करावा आणि कुठे करू नये, याचा विवेक हा या पुस्तकाचा दुसरा मोठा विषय आहे. पहिला खर्च चांगल्या तापमापकावर करावा आणि तो बर्फाच्या पाण्यात व उकळत्या पाण्यात तपासून घ्यावा. मात्र कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांना उकळते, हे तपासताना लक्षात घ्यावे. दुसरा खर्च घनतामापकावर आणि तिसरा ग्रॅमच्या अंशांपर्यंत वजन दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर करावा. पातेले घरातले चालते. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले उकळण्यासाठी वापरता येते, पण ते कॉस्टिक सोड्याने धुऊ नये. तांब्या-पितळेच्या भांड्यात किण्वन करू नये, कारण वर्ट आम्लधर्मी असतो आणि धातू त्यात उतरतो. किण्वनासाठी अन्नपदार्थांना योग्य अशी झाकणाची बादली पुरते. औद्योगिक वसाहतीत स्वस्तात मिळणारे, रसायने किंवा कूलंट भरलेले जुने ड्रम कितीही धुतले तरी या कामासाठी कधीही वापरू नयेत, आणि परिसरातील विंधनविहिरीचे पाणीही प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे बिअरला औषधासारखा वास येतो, म्हणून ते आदल्या दिवशी उकळून उघडे ठेवणे हितावह असते.

मोठे भांडे करून घ्यायचेच असेल तर ते ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावे आणि आतील जोड आर्गॉन वेल्डिंगने करून गुळगुळीत घासलेले असावेत, कारण खरखरीत जोडात अडकलेला कण पुढच्या प्रत्येक घाण्यात जंतूंचा आश्रय ठरतो. शिरोलीच्या कोणत्याही कुशल फॅब्रिकेटरला हे वेगळे शिकवावे लागत नाही, कारण दुधाच्या व्यवसायाने या जिल्ह्याला तो धडा आधीच दिला आहे. गोकुळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा दूध संघाच्या कामकाजात आणि गावोगावच्या संकलन केंद्रांत जी स्वच्छतेची शिस्त पाळली जाते, तीच येथे लागू होते : आधी धुणे, मग निर्जंतुक करणे, आणि दोन्ही कामे वेगळी मानणे. मळ असलेल्या भांड्यावर जंतुनाशक ओतल्याने भांडे निर्जंतुक होत नाही. उकळीनंतर वर्टला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असलीच पाहिजे; उकळीपूर्वीच्या वस्तू स्वच्छ असल्या तरी पुरे. एवढा एक भेद पाळला की नवख्याचे बहुतांश अपयश टळते.

सुरक्षिततेच्या तीन बाबी येथेच नमूद करणे कर्तव्य आहे. बाटलीत वायू भरण्यासाठी लिटरमागे ६ ते ७ ग्रॅमपेक्षा अधिक साखर घातली, किंवा किण्वन अपुरे असताना बाटली बंद केली, तर दाबाने काच फुटून गंभीर इजा होऊ शकते. म्हणून दाब सहन करणाऱ्या बाटल्याच वापराव्यात. विजेच्या हीटरने पाणी तापवायचे असेल तर अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण असल्याशिवाय तो लावू नये. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची : किण्वन आणि ऊर्ध्वपातन ही दोन पूर्णपणे वेगळी कामे आहेत. बिअर उकळून तिच्यातून तीव्र मद्य काढण्याचा प्रयत्न कोणीही, कोणत्याही देशात, परवान्याशिवाय करू नये. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित विषारी दारूने शंभराहून अधिक माणसांचे प्राण घेतले. मद्याचा विषय गंभीर आहे आणि अज्ञानाची व लोभाची किंमत त्यात गरीब माणूसच मोजतो, हे भान या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणामागे आहे. याच कारणाने मद्यपानाचा गौरव येथे कुठेही केलेला नाही.

महाराष्ट्रात या विद्येला कायदेशीर वाट नाही असे मात्र नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याने चालणाऱ्या मायक्रोब्रुअरी, म्हणजे तेथेच तयार केलेली ताजी बिअर तेथेच देणारे छोटे कारखाने, गेल्या दीड दशकात राज्यात वाढले. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली डुलाली ही त्यांतील अगदी आरंभीची होय. पुण्यातच मधापासून मीड तयार करणारी मूनशाइन मीडरी उभी राहिली. अशा उद्योगांना टाक्या, वॉल्व्ह, शीतनलिका आणि नियंत्रक लागतात, त्यांची देखभाल करणारे हात लागतात, आणि माल्ट, पाणी व यीस्ट यांचे शास्त्र जाणणारे तंत्रज्ञ लागतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांनी या क्षेत्रासाठी उपकरणे घडवणे, आणि या परिसरातील नाचणीपासून दर्जेदार माल्ट तयार होणे, या दोन्ही शक्यता गंभीरपणे विचारात घेण्याजोग्या आहेत. ज्याने एका पातेल्यात, एका पिशवीने, स्वतःच्या हातांनी मॅश केला आहे, त्याला हजार लिटरच्या टाकीत काय घडते आहे हे अधिक नेमके समजते. निर्मात्याचे शिक्षण लहान भांड्यातच चांगले होते.

पुस्तकाचा उपयोग करून घेताना वाचकाने क्रम बदलू नये. आधी नाचणीचा माल्ट करावा, पेजेचा प्रयोग करावा, मग पाच लिटरचा मॅश करून वर्टचे तापमान, ब्रिक्स आणि चव यांची नोंद ठेवावी, आणि निकाल सलग तीन वेळा सारखा आल्याशिवाय पुढच्या उपकरणाचा विचार करू नये. ज्यांच्या देशाचा कायदा परवानगी देतो त्यांनीच त्यापुढे जाऊन यीस्टला हात लावावा. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी त्यासाठी परवान्याचा मार्ग धरावा आणि तोपर्यंत वर्टवरच आपले कौशल्य पारखून घ्यावे. उपकरणे वाढवण्याची घाई करणाऱ्यापेक्षा नोंदवही नियमित भरणारा या विद्येत लांबचा पल्ला गाठतो. म्हणून खरेदीच्या यादीत तापमापकाआधी एक साधी वही लिहावी आणि पहिल्या मॅशच्या दिवशी तिचे पहिले पान भरावे.